वेशीवरचे कल्याण

१८९७ सालच्या आरंभी मुंबईहून घाटाकडे निघालेल्या माणसाला कल्याणला गाडीतून उतरावे लागे. पुण्याला जायचे असो की नाशिकला, दोन्ही वाटा कल्याणलाच फुटतात, म्हणून सरकारने प्लेगच्या तपासणीचे ठाणे तिथेच बसवले होते. फलाटावर रांग लावायची. डॉक्टर एकेकाची मान, काख आणि जांघ चाचपून गाठ आलेली नाही ना, ते पाहत. अंग कढत लागले की माणूस रांगेतून बाजूला निघे आणि त्याची रवानगी छपरांच्या तळावर होई. बरोबरच्या गाठोड्याचे कपडे औषधाच्या पाण्यातून निघत. रांगेत पुढे गेलेल्या बाईने मागे वळून पाहावे, तर नवरा बाजूला काढलेला आणि मुले कोणाकडे द्यायची ते कळत नाही, अशी अवस्था.

या पुस्तकाचा विषय त्या फलाटापासून सुरू होतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तीन गावांतले सार्वजनिक आरोग्य, १८९६ च्या प्लेगपासून साधारण १९२० पर्यंतचे. प्यायचे पाणी कुठून येई, सांडपाणी कुठे जाई, मैला कोण उचली, ताप आला तर कोणाकडे जायचे आणि माणूस गेला की त्याची नोंद कोण करी, एवढेच प्रश्न. प्रश्न साधे आहेत, पण गावाचे जगणे त्यांच्यावर उभे असते. आपल्याकडे गावांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. त्यांत किल्ले येतात, देवळे येतात, सुभेदार येतात. संडास येत नाहीत. मला ही उणीव फार वर्षे खुपत आली आहे.

आधी प्लेगचे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, आणि वखारी म्हणजे उंदीर. पुढच्या चार-पाच महिन्यांत आठ लाखांवर वस्तीच्या त्या शहरातून जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली. कोणी गलबतातून कोकणात उतरले, कोणी चालत निघाले, पण घाटाकडे रेल्वेने गेले ते सगळे ठाण्यावरून आणि कल्याणावरून गेले. १८५३ च्या १६ एप्रिलला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. त्या रुळांनी गावांना काय काय दिले, हे आपण हौसेने सांगतो. त्याच रुळांवरून गाठीचा तापही आला.

फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला. अवघ्या चार कलमांचा. साथ पसरेल असे वाटले तर सरकारने वाटेल तो हुकूम काढावा, प्रवाशांना तपासावे, वेगळे ठेवावे. आणि त्या कायद्याखाली सद्बुद्धीने काही केले तर कोणावर दावा चालू नये. कल्याणच्या फलाटावरची रांग या चार कलमांवर उभी होती. पुण्यात या अधिकारांचा वापर घरात शिरून कसा झाला आणि २२ जून १८९७ च्या रात्री त्याचे पर्यवसान प्लेग अधिकाऱ्यावर झाडलेल्या गोळीत कसे झाले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. कल्याणची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगितली नाही, कारण तिथे गोळी झाडली गेली नाही. तिथे माणसे रोज उतरली, हात वर करून उभी राहिली, आणि पुन्हा गाडीत बसली.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग माणसाला देते, हे पॉल-लुई सिमोंने कराचीत १८९८ मध्ये दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. उंदीर मेला, अंग थंड पडले की पिसवा ते सोडतात आणि मिळेल त्या उबेला जातात. ही गोष्ट हाती नसताना डॉक्टर माणसांना चाचपत होते. धान्याच्या गोण्यांचा संशय यायला अवकाश होता. आपल्या लोकांना मात्र काहीतरी उमगलेले होते. ‘उंदीर पडला’ हे दोन शब्द तेव्हा घराघरात कळत. ओसरीवर मेलेला उंदीर दिसला की भांडीकुंडी घेऊन माळावर जायचे, झोपड्या घालून राहायचे, साथ ओसरली की परतायचे. पिसवेचे नाव न घेता लोक पिसवेपासून लांब जात होते.

इथे मला या पुस्तकाचे मुख्य म्हणणे मांडले पाहिजे. पटकी आली, देवी आल्या की आपल्या गावांत मरीआईचा गाडा काढत. देवीची पूजा करायची, नैवेद्य ठेवायचा आणि गाडा ओढत वेशीपलीकडे नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो आणखी पुढे लोटायचा. या चालीला अडाणी म्हणून बाजूला सारणारे इंग्रज अधिकारी कल्याणच्या फलाटावर नेमके तेच करत होते. रोग बाहेरून येतो, म्हणून त्याला वेशीवर गाठायचे. मुंबईची वेस त्यांनी कल्याणला आखली. वेशीवर पहारा बसला, तपासणीचे डॉक्टर बसले, खर्च झाला. वेशीच्या आतल्या विहिरी, आतली गटारे आणि आतले संडास यांच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले. पहाऱ्यावरचा खर्च डोळ्यांत भरतो, गटारावरचा मातीखाली जातो. सव्वाशे वर्षांत आपली ही खोड गेलेली नाही.

तेव्हाची ही गावे केवढी होती, ते डोळ्यांसमोर ठेवावे. १९०१ च्या शिरगणतीत ठाण्याची वस्ती १६ हजारांच्या आसपास आणि कल्याणची त्याहूनही कमी, १० हजारांच्या थोडी वर. डोंबिवली हे शेतीचे आणि खाडीकाठचे खेडे. कल्याणला नगरपालिका १८५५ मध्ये आली, ठाण्याला १८६३ मध्ये. म्हणजे प्लेग आला तेव्हा कल्याणच्या नगरपालिकेला चाळीस वर्षे होऊन गेलेली होती. अधिकार कागदावर होते. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने ते आणखी वाढवले. नाली बांधा, घाण काढा, विहीर बुजवा, घरमालकाला नोटीस द्या, सफाईची पट्टी बसवा. पण दहा-पंधरा हजार वस्तीच्या गावाची घरपट्टी ती केवढी, आणि ज्यांना नोटीस द्यायची ते घरमालकच पुष्कळदा पालिकेत बसलेले.

त्याच काळात इंग्लंडमधल्या एखाद्या साध्या जिल्ह्यात काय चालले होते, हे शेजारी ठेवून पाहिले की फरक कळतो. १८७५ च्या कायद्यानंतर तिथल्या प्रत्येक जिल्ह्याला आपला आरोग्य अधिकारी नेमावा लागे. तो दरवर्षी अहवाल लिही. अमक्या गल्लीत चार घरांना मिळून एक संडास, तमक्या दूधवाल्याच्या गोठ्याला मोरी नाही, शाळेत गोवर पसरला म्हणून शाळा बंद ठेवली, असे बारीकसारीक. ते अहवाल आज वाचताना गल्लीचा वास येतो. आपल्याकडे अख्ख्या इलाख्याला एक सॅनिटरी कमिशनर आणि हाताखाली थोडे अधिकारी. जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन दवाखाना बघे, आणि पुष्कळ ठिकाणी तुरुंगही बघे. खेड्यांसाठी १८८९ मध्ये ग्राम-स्वच्छतेचा कायदा झाला होता, पण तो चालवायला गावात माणूस कोण? पाटील. सारा वसूल करणारा, चोरीचा तपास करणारा आणि मेलेल्यांची नोंद ठेवणाराही तोच.

या नोंदीपाशी थोडे थांबतो, कारण पुढची सगळी कोष्टके तिच्यावर उभी आहेत. मृत्यूच्या रजिस्टरात कारणांचे मोजके रकाने असत: पटकी, देवी, ताप, हगवण, श्वासाचे विकार, इजा, इतर. प्लेगनंतर प्लेगचा. पटकी ओळखू येते, देवी तर चेहऱ्यावरच दिसतात. बाकी सगळे तापात. हिवतापाने थडथडत गेलेला ताप, विषमज्वराने तीन आठवडे झिजलेला ताप, बाळंतरोगाने गेलेली बाई ताप, क्षयाने वाळलेला विणकर ताप. मरताना अंग तापले होते ना? मग ताप. डोंबिवलीसारख्या खेड्यात रजिस्टर पाटलाकडे, ठाणे-कल्याणात पालिकेच्या कारकुनाकडे, रकाना तोच. तेव्हा या पुस्तकात ‘ताप’ या शब्दाखाली मोठा आकडा दिसेल, तिथे वाचकाने त्याला एका रोगाचा आकडा समजू नये. ज्याचे कारण कोणी विचारले नाही, अशा मरणांची ती बेरीज आहे.

त्यातला मोठा वाटा हिवतापाचा असणार, असे मला वाटते. खाडीकाठ, भाताची खाचरे, रेल्वेचा भराव घालताना माती उकरलेल्या खड्ड्यांत साचलेले पाणी, आणि प्रत्येक वाड्यात उघडी विहीर. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर जो अहवाल दिला, त्यात बोट विहिरींवर आणि पाण्याच्या टाक्यांवर होते: हिवतापाचा डास शहरात दलदलीत वाढत नाही, घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मुंबईत विहिरी झाका-बुजवा म्हणून मोहीम निघाली. देवकार्याला विहिरीचे पाणी लागते, उन्हाची तिरीप पाण्यावर पडली पाहिजे, म्हणून लोकांनी विरोध केला. तो विरोध मला समजतो. ज्या घराला नळाचा भरवसा नाही, त्याने विहीर कशी बुजवावी?

ठाणे तळ्यांचे गाव. मासुंदा, सिद्धेश्वर, कचराळी, उथळसरपासून वर्तकनगरपर्यंत जिकडे पाहावे तिकडे पाणी. पोखरणच्या तळ्याचे पाणी गावाला पुरवण्याची सोय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत झाली. आजचे पोखरण रस्ते त्याच नावाचे. कल्याणला काळा तलाव आणि वाड्यावाड्यांतल्या विहिरी. या तळ्यांवर गुरे धुतली जात, कपडे धुतले जात, आणि तेच पाणी हंड्यातून घरी येई. पण या जिल्ह्याच्या पाण्याची खरी गोष्ट निराळीच आहे. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, दोन्ही साष्टीत, आणि साष्टी तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. तानसा १८९२ चा, शहापूर तालुक्यातला. तिन्ही मुंबईसाठी. तानसाचे पाणी भिवंडी तालुक्यातून, कशेळीशी खाडी ओलांडून, ठाण्याला वळसा घालून मुंबईला जाई. आडदांड लोखंडी नळातून गोड पाणी शेजारून चालले आहे आणि नळाकाठच्या पाड्यावरची बाई डोंगरातल्या डबक्यावर वाटी-वाटीने हंडा भरते आहे, हे चित्र त्या काळाचे. शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात आजही टँकर फिरतो. मला याचा राग येतो, आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

पटकीवर त्या काळी निघालेला उपाय म्हणजे विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकायचे. आमच्या कल्याणच्या वाड्यात, पारनाक्याजवळ, माझ्या लहानपणीही तो चालू होता. पालिकेचा माणूस पावसाळ्याच्या तोंडी येई. बादलीत जांभळे खडे विरघळवी आणि बादली विहिरीत सोडून वरखाली हलवी. पाणी हळूहळू गुलाबी, मग गडद होत जाई. आम्ही मुले कठड्यावर पोट टेकून पाहायचो. आजी त्याला ‘लाल दवा’ म्हणे, आणि रंग उतरेपर्यंत शेजारच्या विहिरीचे पाणी आणवी. तो रंग उतरला की पाणी प्यायला चांगले, असा तिचा हिशेब. पाणी ती दुपदरी फडक्यातून गाळी आणि गढूळ असले तर निवळीचे बी घागरीच्या आत चोळी. फडक्याने गाळ जातो, पटकीचे जंतू सगळे जात नाहीत; पाणी उकळले तर जातात. पण रोज दहा माणसांचे पाणी उकळायला जळण कुठून आणायचे? आरोग्याच्या शिकवणुकीचे गाडे जळणाच्या प्रश्नापाशी अडत असे, हे त्या काळचे उपदेशपर लेख लिहिणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच आले.

वाड्याच्या मागे घरगल्ली होती. दोन वाड्यांच्या पाठभिंतींमधली, जेमतेम माणूस जाईल एवढी. संडास उंच, तीन पायऱ्या चढून जायचे, खाली टोपली, आणि घरगल्लीच्या बाजूला पत्र्याची झडप. पहाटे बाई येई. पत्रा खरडल्याचा आवाज आला की आत कोणी असेल त्याने खाकरायचे. टोपली ओढायची, डोक्यावरच्या पाटीत रिकामी करायची, राख टाकायची, पुढच्या झडपेला जायचे. पावसाळ्यात पाटीतून गळलेले पाणी तिच्या तोंडावरून ओघळे. दिवाळीला तिला पोस्त मिळे, ती वरून ओंजळीत टाकत. आमच्या घरात सगळ्यांची नावे सगळ्यांना ठाऊक होती, दूधवाल्याचे, न्हाव्याचे, पाणक्याचे. तिला मात्र ‘गल्लीतली’ म्हणत. मीही तेच म्हटले. या लिखाणाला बसेपर्यंत तिला काही नाव असेल, हा विचार मी केला नव्हता, ही माझी लाज आहे.

ठाणे-कल्याणचे आरोग्य त्या काळात कोणी राखले असेल, तर या बायकांनी आणि पुरुषांनी. डॉक्टर प्लेगच्या वर्षी आले आणि गेले. पाटी रोज उठली. कायद्याच्या पुस्तकात ‘मैल्याची विल्हेवाट’ हे शब्द येतात, त्यांचा अर्थ एका जातीच्या माणसांचे डोके, एवढाच होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने डोक्यावरून मैला वाहणे बंद करा म्हणून सांगितले. देशभराचा कायदा यायला १९९३ उजाडले आणि तो नीट बसेना म्हणून २०१३ मध्ये दुसरा आणावा लागला. अजूनही गटाराच्या चेंबरमध्ये उतरलेला माणूस गुदमरून गेल्याची बातमी आपल्या शहरांतून येते.

पाणी आणि जात यांची गाठ आणखी एका ठिकाणी पडते. पालिकेच्या पैशाने बांधलेल्या तळ्यावर सगळ्यांना पाणी भरता येत नव्हते. अस्वच्छतेवर उपदेश करायचा आणि स्वच्छ पाण्यापासून लांब ठेवायचे, हे दोन्ही एकाच वस्तीच्या बाबतीत चाले. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला, आणि २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर उतरले. महाड सत्याग्रह हा समतेचा लढा म्हणून आपण वाचतो, आणि तो आहेच. मी त्याला आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातलेही मोठे पान समजतो. इंग्लंडमधल्या एकाही आरोग्य अधिकाऱ्याला आपल्या अहवालात असा रकाना भरावा लागला नाही.

पुन्हा कल्याणच्या फलाटावर येऊ. पडद्याआडच्या तपासणीला बायकांचा जीव गोळा होई. परक्या पुरुषाने जांघेला हात लावायचा, या कल्पनेनेच कित्येक घरांनी प्रवास टाळला असेल. बाईला तपासायला बाई हवी, आणि बायका-डॉक्टर त्या वेळी बोटांवर मोजण्याइतक्या. आनंदीबाई जोशी याच कल्याणात ३१ मार्च १८६५ ला जन्मल्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस वर्षे पुरी व्हायच्या आत, क्षयाने गेल्या. कल्याणला प्लेगचे ठाणे बसले तेव्हा त्या असत्या तर बत्तिसाव्या वर्षात असत्या. आपल्या जन्मगावच्या फलाटावर पडद्याआड उभ्या राहिलेल्या त्यांचे चित्र माझ्या मनातून जात नाही.

१९१८ च्या मानमोडीने, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या साथीने, वेशीची कल्पनाच मोडून टाकली. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहिल्यांदा ती दिसली, सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा आली ती भयंकर होऊन. मुंबईत ६ ऑक्टोबर या एका दिवशी ७६८ माणसे गेली. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग, आणि उपाशी अंगावर हा ताप. प्लेगच्या वेळी म्हातारेकोतारे कसे वाचले असे विचारत. मानमोडीने ऐन उमेदीची माणसे नेली, आणि पुरुषांहून बायका जास्त नेल्या. घरातल्या आजाऱ्यांना पाणी द्यायचे ते बाईने, स्वतः आडवी झाली की तिला पाणी द्यायला कोणी नाही. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटली. शिरगणतीच्या इतिहासात असे दशक पुन्हा आले नाही. या साथीपुढे फलाटावरची रांग कामाची नव्हती, कारण मानमोडीत चाचपायला गाठच नव्हती. ती श्वासाने जात होती.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात पुन्हा तोच १८९७ चा कायदा लागू झाला, तेव्हा या पुस्तकाचे टिपण माझ्या टेबलावर अर्धवट पडले होते. गाड्या थांबल्या. मग थोड्या सुरू झाल्या, तेव्हा कल्याण आणि डोंबिवली स्टेशनांच्या तोंडाशी माणसे रांगेत उभी होती आणि कोणीतरी त्यांच्या कपाळासमोर तापमापक धरत होते. १८९७ च्या रांगेत उभ्या राहिलेल्या कोणी ते पाहिले असते तर त्यांना समजावून सांगावे लागले नसते.

या पुस्तकातली प्रकरणे काळाच्या क्रमाने लावलेली नाहीत. पाण्याचे प्रकरण सगळ्यांत मोठे आहे, कारण साधने तिथे सर्वांत अधिक मिळाली. दवाखान्यांचे आणि १९०१ मध्ये उभ्या राहिलेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाचे प्रकरण त्यामानाने लहान आहे. त्या इस्पितळाला स्वतंत्र ग्रंथच हवा. डोंबिवली ठिकठिकाणी विखुरलेली सापडेल, कारण त्या काळच्या कागदांत ती तशीच, कल्याण तालुक्यातले एक खेडे म्हणून, येते. घरगल्लीचे प्रकरण मी चार वेळा लिहिले. कागद जवळजवळ नाहीत, म्हणून ते बहुतेक म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यावर उभे आहे, आणि ज्यांनी ते सांगितले त्यांच्या इच्छेप्रमाणे नावे दिलेली नाहीत.

आमचा वाडा आता राहिला नाही. तिथे सात मजले उभे आहेत. विहीर बुजवली, तिच्यावर वाहने लागतात. मागची घरगल्ली तेवढी आहे, शेजारच्या वाड्याची पाठभिंत अजून उभी असल्यामुळे. गेल्या पावसाळ्यात तिच्यातून आडवा होऊन गेलो. भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर चौकोनी खुणा आहेत, झडपा काढून विटांनी बुजवलेल्या. विटा भिंतीपेक्षा नव्या. मोजल्या, अकरा भरल्या.